प्रोटॉन खर्ची पडतात कुठे?

10 मे 2024 ची रात्र उलटून 11 तारीख लागली, तेव्हा लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाल उजेड पसरला होता. भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी तो टिपला, दुसऱ्या दिवशी ते फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले आणि पिंपळीत मला प्रश्न आला, "नाना, आपल्याकडं कधी दिसायचं हे?" म्हटलं, दिसेल याची आशा धरू नकोस. "मग काय उपयोग?" असं म्हणून विचारणारा उसाला पाणी धरायला निघूनही गेला.

त्या 'काय उपयोग'ला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते बांधावर उभ्या-उभ्या सांगून होण्यासारखं नाही. मी शास्त्रज्ञ नाही. बारामतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. आमचं गाव बारामती-इंदापूर रस्त्यावरचं. तुकोबांची पालखी बारामती सोडली की पिंपळी-लिमटेकवरूनच काटेवाडीच्या मेंढ्यांच्या रिंगणाला जाते. ध्रुवीय प्रकाशाशी या गावाचा संबंध जोडायचा म्हणजे लोक हसणारच. तरी माझं म्हणणं असं : पृथ्वीकडे वरून पाहणारा आणि पडणाऱ्या प्रोटॉनांचा अतिनील प्रकाश टिपणारा एक कॅमेरा भारताने अवकाशात पाठवावा. नॉर्वे-कॅनडापेक्षा याची निकड आपल्याला जास्त आहे. कारण त्या कॅमेऱ्याला ज्या हिशेबाची एक बाजू दिसते, त्याची दुसरी बाजू आपण कुलाब्याला आणि मग अलिबागला 1841 पासून लिहीत आलो आहोत.

सुरुवात मला माहीत असलेल्या वस्तूपासून करतो. बीएस्सीला हायड्रोजनच्या वर्णपटाचं प्रॅक्टिकल असतं. अंधारी खोली, काळे पडदे, टेबलावर स्पेक्ट्रोमीटर, त्याच्या चकतीवर ग्रेटिंग आणि फटीसमोर स्टँडला अडकवलेली डिस्चार्ज ट्यूब. ट्यूब वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना फुगलेली, मधे केसाएवढी बारीक नळी. विजेचा दाब दिला की त्या नळीत गुलाबी-जांभळी रेघ पेटते. मी मुलांना बजावायचो, रीडिंग घ्या आणि बटण बंद करा. सलग चालू ठेवली की ट्यूब तापते, आणि नवी ट्यूब मागवायची तर प्राचार्यांची सही मिळेपर्यंत पुढची बॅच येते. दुर्बिणीला डोळा लावला की त्या गुलाबी उजेडाचे सुटे रंग दिसतात. 656.3 नॅनोमीटरची लाल रेघ, 486.1 ची निळसर हिरवी, 434 ची जांभळी. 410 ची चौथी रेघ तरुण डोळ्यांना दिसते, सरांना दिसत नाही, आणि त्यावरून व्हर्नियरच्या आकड्यांचे वाद होतात. या रेघांचं गणित 1885 साली योहान बामरने बसवलं. तो बाझलच्या मुलींच्या शाळेत शिकवायचा, ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला आवर्जून सांगायचो.

मात्र त्याच ट्यूबमधली हायड्रोजनची एक फार महत्त्वाची रेघ कोणाच्याही जर्नलमध्ये येत नाही. तिची तरंगलांबी 121.6 नॅनोमीटर. अणूतला इलेक्ट्रॉन दुसऱ्या पायरीवरून थेट तळाच्या पायरीवर उतरला की हा प्रकाश निघतो. त्याला लायमन अल्फा म्हणतात. ट्यूबची काचच तो गिळून टाकते. काच काढली तरी खोलीतली हवा त्याला पुढे जाऊ देत नाही. हार्वर्डच्या थिओडोर लायमनला 1906 मध्ये तो सापडला, पण त्यासाठी यंत्रातली हवा उपसावी लागली आणि काचेऐवजी फ्लोराइटचा स्फटिक वापरावा लागला. सूर्याकडून येणारा लायमन अल्फाही जमिनीपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर संपतो. तेव्हा कितीही उंच डोंगरावर दुर्बीण नेली तरी तो मिळणार नाही. हवेच्या वर जावंच लागतं.

आता आकाशाकडे वळू. हिरवे पडदे हलताना आपण व्हिडिओत पाहतो, तो ध्रुवीय प्रकाश बहुतेक इलेक्ट्रॉनांचा. इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांना धरून खाली येतात, ऑक्सिजनला धडकतात आणि 557.7 नॅनोमीटरचा हिरवा उजेड पडतो. प्रोटॉन तसा वागत नाही. प्रोटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन हरवलेला हायड्रोजन. शंभर-सव्वाशे किलोमीटर उंचीच्या विरळ हवेत शिरताना तो समोर येईल त्या रेणूचा इलेक्ट्रॉन पळवतो. पळवला की त्याचा हायड्रोजन अणू होतो, आणि बऱ्याचदा तो अणू चमकतो : काही लाल, काही निळसर हिरवा आणि बराचसा लायमन अल्फा. माझ्या ट्यूबमधल्याच त्या रेघा. पुढच्या धडकेत इलेक्ट्रॉन पुन्हा हातचा जातो, तो पुन्हा दुसऱ्याचा पळवतो. एकेक प्रोटॉन थांबेपर्यंत असं अनेकदा चमकतो.

यात एक गंमत आहे. अणू असताना त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून चुंबकीय रेषेचा लगाम सुटतो आणि तो सरळ भलतीकडे निघून जातो. वरून बारीक धारेत आलेले प्रोटॉन त्यामुळे खाली पोचेपर्यंत शेकडो किलोमीटरांत पसरतात. परिणामी प्रोटॉनांच्या ध्रुवीय प्रकाशाला पडदे नाहीत, कडा नाहीत, नुसता फिकट पसरलेला उजेड. नॉर्वेतल्या ट्रोम्सोच्या माणसालाही तो नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. कॅनडातले हौशी आकाश-छायाचित्रकार काही वर्षं एका जांभळ्या पट्ट्याला 'प्रोटॉन कमान' म्हणत होते. कॅल्गरीच्या एरिक डोनोव्हन यांनी त्यांना सांगितलं, प्रोटॉनचा प्रकाश असा डोळ्यांना दिसत नसतो, हे काहीतरी वेगळं आहे. मग त्या पट्ट्याचं नाव 'स्टीव्ह' पडलं. ही हकिकत मी गावातल्या त्या प्रश्नासाठी राखून ठेवली होती. आपल्याकडे दिसत नाही म्हणून उपयोग नाही, असं म्हणायचं तर हा प्रकाश जिथे पडतो तिथल्यांनाही दिसत नाही. त्या बाबतीत पिंपळी आणि ट्रोम्सो बरोबरीचे.

प्रोटॉनांच्या या प्रकाशाचा पत्ता लागला तो वर्णपटातून. 1939 मध्ये नॉर्वेच्या लार्स वेगार्डने ध्रुवीय प्रकाशात हायड्रोजनच्या रेघा नोंदवल्या. 1950 मध्ये अमेरिकेतल्या यर्कीस वेधशाळेत एडन माइनेलने पाहिलं की ती 656.3 ची लाल रेघ जागेवरून निळ्या बाजूला सरकलेली आणि फाकलेली आहे. प्रकाश देणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर असं होतं. हिशेब केला तर वेग निघाला सेकंदाला तीन हजार किलोमीटरांच्या वर. बाहेरून काहीतरी हायड्रोजनच्या रूपात वातावरणावर आदळतंय, याचा तो पहिला धडधडीत पुरावा. व्हर्नियरवर अर्ध्या मिनिटाच्या कोनासाठी मुलांशी हुज्जत घातलेल्या माणसाला या शोधाचं कौतुक जरा जास्त वाटलं, तर समजून घ्या.

मग अवकाशातून लायमन अल्फाचा फोटो काढला की काम झालं, असं वाटेल. तसं नाही. पृथ्वीभोवती हायड्रोजनचं फार विरळ पण फार मोठं आवरण आहे. सूर्याचा लायमन अल्फा त्यावर पडून चहूकडे विखुरतो. 1972 च्या एप्रिलमध्ये अपोलो-16 च्या अंतराळवीरांनी जॉर्ज कॅरुथर्स यांनी बनवलेला अतिनील कॅमेरा चंद्राच्या जमिनीवर उभा केला आणि पृथ्वीकडे वळवला. त्या चित्रांत पृथ्वी या आवरणात बुडालेली दिसते. म्हणजे ज्या रंगात प्रोटॉन शोधायचे, त्याच रंगाचा उजेड आधीच सगळीकडे सांडलेला. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या अतिनील दुर्बिणीत तर हा उजेड मुद्दाम गाळतात, कारण तारे पाहणाऱ्यांना त्याचा त्रासच होतो.

या अडचणीवरची तोड माइनेलच्या रेघेतच होती. जमिनीवरून पाहिलं तर प्रोटॉन आपल्याकडे येतात, वरून पाहिलं तर आपल्यापासून दूर जातात. म्हणून उपग्रहाला त्यांची रेघ उलट्या बाजूला, लाल बाजूला सरकलेली दिसते. आवरणातला हायड्रोजन मात्र जवळपास जागच्या जागी असल्याने त्याची रेघ 121.6 वरच राहते. 25 मार्च 2000 रोजी सुटलेल्या नासाच्या 'इमेज' उपग्रहावरच्या एका उपकरणात बारीक जाळ्या बसवून 121.6 चा उजेड अडवला होता आणि 121.8 च्या आसपासचा तेवढा आत घेतला होता. दोन नॅनोमीटरांचा फरक नव्हे, दोन दशांश! तेवढ्या फटीतून पृथ्वीवर पडणाऱ्या प्रोटॉनांचं पहिलं संपूर्ण चित्र निघालं, दर दोन मिनिटांनी एक. बर्कलीचे स्टीफन मेंडे या कॅमेऱ्यांचे प्रमुख होते आणि हे उपकरण घडवण्यात बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठाचा वाटा होता. लिएज म्हणजे काही ह्यूस्टन नव्हे, हे लक्षात ठेवावं.

त्या कॅमेऱ्याला दिसलेली एकच गोष्ट सांगतो. 2002 च्या मार्चमध्ये उत्तर ध्रुवाजवळ, दिवसाच्या बाजूला, प्रोटॉनांच्या प्रकाशाचा एक ठिपका कित्येक तास पेटलेला राहिला. ठिपका म्हणायचं, पण महाराष्ट्र त्यात मावला असता. पृथ्वीच्या चुंबकीय कवचाला सूर्याच्या दिशेने पडलेली ती फट होती, आणि त्या फटीतून आत आलेले सौर प्रोटॉन त्या ठिपक्यात पडत होते. असल्या फटी क्षणभर उघडतात आणि मिटतात की तासन्‌तास उघड्या राहतात, यावर तोवर नुसता वाद होता. तो वाद ठिपक्याने सोडवला. 2005 च्या डिसेंबरमध्ये इमेजशी संपर्क तुटला. 2018 मध्ये स्कॉट टिली या कॅनडातल्या हौशी माणसाला दुसराच उपग्रह शोधताना त्याचा सिग्नल पुन्हा ऐकू आला, पण कॅमेऱ्याचं काम पुढे चालू झालं नाही.

इथून गोष्ट आपल्या घरात येते.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकसुईची रीडिंग घेतली गेली. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या विजेने सुया नाचणार, म्हणून नानाभाई मूस यांनी 1904 मध्ये अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी केली. बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही, दगडसुद्धा चुंबकत्व नसलेला आणला, आणि दोन वर्षं कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवून मग कुलाब्याचं दप्तर बंद केलं. जुनं यंत्र काढण्याआधी नव्याशी पडताळून घ्यायचं, ही शिस्त किती जण पाळतात, ते प्रयोगशाळेत आयुष्य काढलेल्याला विचारा. आज ही वेधशाळा नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

2 सप्टेंबर 1859 ला कुलाब्याच्या नोंदींत आडव्या चुंबकीय बलाचा आकडा सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळला. एरवी हे बल अडतीस हजारांच्या घरात असतं आणि चांगलं वादळ आलं तरी शे-दोनशेचा खड्डा पडतो. 2024 च्या मे महिन्यातल्या मोठ्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे चारशेच्या आसपास गेला होता. 1859 मध्ये आपोआप नोंद करणारं यंत्र तिथे नव्हतं. माणसं डोळा लावून रीडिंग घेत होती, आणि सुई बिथरली तशी दोन रीडिंगांमधली वेळ त्यांनी मिनिटांवर आणली. 2003 मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांच्याबरोबर गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी तो जुना कागद जगापुढे मांडला, तेव्हापासून इतिहासातल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी एकाचं वर्णन मुंबईच्या आकड्यांशिवाय पुरं होत नाही. रीडिंग घेणाऱ्या त्या सहायकांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. आमच्या जातीचं ते प्राक्तनच.

सुई का पडते, ते पाहा. वादळात पृथ्वीभोवती, तीन-चार-पाच पृथ्वी-त्रिज्यांवर, प्रोटॉनांचं एक कडं तयार होतं. त्यात ऑक्सिजनचे आयनही असतात. हे सगळं पश्चिमेकडे फिरतं, म्हणजे पृथ्वीला विजेचा एक अवाढव्य वेढा पडतो, आणि त्याचं चुंबकत्व विषुववृत्ताजवळच्या भागात पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट बसतं. अलिबागचा आकडा खाली जातो तो मुख्यतः त्यामुळे. वादळ ओसरतं तसे कड्यातले प्रोटॉन कमी होतात आणि आकडा हळूहळू वर येतो. म्हणून अलिबागची नोंद हा प्रोटॉनांचा जमाखर्च आहे. जमा किती झाली कळते, खर्च किती झपाट्याने झाला तेही कळतं. खर्च कुठे झाला, ते मात्र त्या वहीत नाही.

वाटा दोन-तीन आहेत. त्या विरळ हायड्रोजनच्या आवरणात काही प्रोटॉन इलेक्ट्रॉन पळवतात, निर्भार होतात आणि अवकाशात सुटून जातात. काही कवचाच्या बाहेरच्या कडेने निसटतात. काही लहरींच्या धक्क्याने वाट चुकून वातावरणात पडतात, आणि हेच ते प्रोटॉनांचे ध्रुवीय प्रकाश : संध्याकाळच्या बाजूला, नेहमीच्या पट्ट्याच्या विषुववृत्ताकडच्या अंगाला उमटणाऱ्या कमानी. इमेजने त्या पाहिल्या होत्या. अलिबागचा आकडा ज्या तासात सावरतो, त्याच तासात किती प्रोटॉन खाली पडले, हे मोजायचं तर वरून अतिनील डोळाच लागतो. 1859 च्या त्या 1600 पैकी किती घट या कड्याची आणि किती आणखी कुठल्या प्रवाहांची, यावर अभ्यासकांत अजून एकमत नाही. तेव्हा वरून चित्र काढणारं कुणी नव्हतं, त्याला इलाज नाही. पण पुढचं तेवढं वादळ आलं आणि तेव्हाही आपल्याकडे फक्त सुईच असली, तर त्याला निमित्त कुठलं सांगणार?

मे 2024 मध्ये जवळपास हेच झालं. खालच्या कक्षेतले काही उपग्रह पृथ्वीला पट्ट्या-पट्ट्यांनी पाहत होते. इमेजसारखं उंचावरून, सलग, फक्त प्रोटॉनांचं चित्र काढणारा कुणी नव्हता. युरोप आणि चीनने मिळून बांधलेल्या 'स्माइल' उपग्रहावर ध्रुवीय प्रकाशासाठी अतिनील कॅमेरा आहे, पण तो नायट्रोजनच्या पट्ट्यात पाहतो. इलेक्ट्रॉनचा उजेड कुठला आणि प्रोटॉनचा कुठला, ही निवड त्यात होत नाही. 2025 च्या सप्टेंबरात नासाने कॅरुथर्स यांच्याच नावाची वेधशाळा सोडली, ती त्या हायड्रोजन आवरणासाठी. म्हणजे आजूबाजूची कामं चालू आहेत आणि मधली खुर्ची रिकामी आहे.

आपल्याकडे या खुर्चीसाठी काय आहे? पुष्कळ आहे, फक्त विखुरलेलं. पुण्याच्या आयुका या संस्थेने आदित्य-एल-1 या यानासाठी 'सूट' ही सौर अतिनील दुर्बीण घडवली. 200 ते 400 नॅनोमीटरांत ती सूर्याची पूर्ण तबकडी पाहते. त्याच यानावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचं 'अ‍ॅस्पेक्स' सौरवाऱ्यातले प्रोटॉन मोजतं, पृथ्वीच्या पंधरा लाख किलोमीटर अलीकडे, सूर्याच्या दिशेला. तिथून निघालेला प्रोटॉन आपल्या कवचावर येतो आणि त्याचा परिणाम अलिबागेत उमटतो. मधे तो कुठे पडला ते पाहणारं आपलं कुणी नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटमुळे दूर-अतिनील प्रकाशाचे आरसे, डिटेक्टर आणि मॅग्नेशियम फ्लोराइडच्या खिडक्या हाताळणारी माणसं देशात तयार झाली. मंगळयानावर तर चक्क लायमन अल्फाचा फोटोमीटर होता, वजन दोन किलोच्या आत. मंगळावरच्या प्रोटॉन-प्रकाशाचा शोध 2018 मध्ये जाहीर झाला तो अमेरिकेच्या मेव्हन यानाकडून. मेव्हन आपल्या यानाच्या दोन-तीन दिवस आधी मंगळावर पोचलं होतं आणि त्याच्याकडे वर्णपट काढणारं मोठं अतिनील उपकरण होतं. आपल्या दोन किलोंच्या डब्याकडून ती अपेक्षा नव्हती, त्याबद्दल मी रडत नाही. पण 121.6 ही भानगड आपल्याला नवी नाही, एवढं त्यातून नक्की होतं. शिवाय अंटार्क्टिकावरचं आपलं 'भारती' हे ठाणं चुंबकीय दुपारच्या सुमारास त्या सौर फटीखालून जाणाऱ्या पट्ट्यात येतं. खालून हायड्रोजनची निळसर हिरवी रेघ मोजायची, वरून लायमन अल्फा मोजायचा आणि दोन्ही आकडे एकमेकांशी ताडायचे. जागा तयार आहे.

पैशाचा प्रश्न येणारच. ऊस-कांद्याला भाव नाही आणि यांना प्रोटॉन सुचतात, असं मला तोंडावर ऐकवलं गेलंय. सगळं मंगळयान साडेचारशे कोटींत झालं होतं, आणि मी एका उपकरणाबद्दल बोलतोय. वरच्या हवेच्या अभ्यासासाठी जुळे उपग्रह सोडायची 'दिशा' ही योजना इस्रोच्या विचारात आहेच. दुसरं असं की उसाचा आणि याचा संबंध नाही, हे आता खरं राहिलेलं नाही. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली, तिला उपग्रहाची चित्रं लागतात. जमिनीची मोजणी आता साखळीने नाही, रोव्हरने होते. मोजणीदार काठी बांधावर उभी करतो आणि आकाशातल्या उपग्रहांवरून कोपरा ठरवतो. त्या सिग्नलची वाट ज्या विद्युतभारित थरातून येते, तो थर चुंबकीय वादळात ढवळून निघतो, आणि भारत तर शांत दिवसांतही त्या थराच्या सर्वांत लहरी भागाखाली येतो. मे 2024 मध्ये अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्यात ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर शेतकऱ्यांना थांबवावे लागले. आमच्याकडे हातभर बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात. त्यात सूर्यानेही आपली भर घालावी, हे परवडणारं नाही.

प्रोटॉनांचा कॅमेरा आला की रोव्हर चुकायचा थांबेल, असा दावा मी करत नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण वादळाची ऊर्जा कधी, कुठे आणि किती उतरते, हे कळल्याशिवाय त्याचा अंदाज बांधणारं गणित सुधारत नाही. हवामान खात्याला पावसाचा अंदाज द्यायला ढगांची चित्रं लागतात, याबद्दल कुणी वाद घालत नाही. मग याच बाबतीत 'दुसऱ्यांची आकडेवारी फुकट मिळते की' हा युक्तिवाद का चालवून घ्यायचा? इमेजची आकडेवारी फुकट होती, अजूनही आहे. फक्त ती 2005 ला संपते.

घाई का, तेही सांगतो. सूर्याच्या चालू चक्राने कळस गाठल्याचं 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं. पुढचा कळस 2035 च्या मागेपुढे. आदित्यची पहिली कल्पना 2008 ची आणि उड्डाण 2 सप्टेंबर 2023 चं. पंधरा वर्षं गेली. त्याच चालीने गेलो तर पुढचा कळसही सुईवरच काढावा लागेल. इमेजच्या काळात संपूर्ण चित्र हीच नवलाई होती. आपल्या कॅमेऱ्याने पहिल्या दिवसापासून अलिबागच्या मिनिटामिनिटाच्या आकड्यांशी घड्याळ जुळवून चालावं, ही अट प्रस्तावातच घालता येईल. ती अट घालण्याचा अधिकार ज्यांच्याकडे इतकी जुनी वही आहे त्यांचाच. प्रस्ताव लिहायला भूचुंबकत्व संस्थेची आणि आयुकाची माणसं एका टेबलाशी बसायला हवीत. एक संस्था पुण्यात, दुसरी पनवेलला, आणि मधे फक्त एक्स्प्रेस-वे आहे. शनिवार-रविवार सोडून निघालं तर घाटातही फारसं अडकायला होत नाही.